समुद्रापलीकडची विद्या : युरोपच्या विद्यापीठांत अमेरिकन विद्यार्थी

परदेशातल्या शिक्षणाचा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एकच चित्र उभे राहते. ओळखीतली एखादी मुलगी अर्ज भरते, शिफारसपत्रे गोळा करते, घरचे लोक पैशाची जुळवाजुळव करतात, आणि एके रात्री अर्धे घर विमानतळावर जाऊन तिला अमेरिकेच्या विमानात बसवून येते. हे चित्र इतके परिचयाचे झाले आहे की विद्येचा उगम अमेरिकेतच आहे, आणि इतरांनी तेथे घागर घेऊन जायचे, अशी आपली नकळत समजूत होऊन बसली आहे. परंतु ज्या अमेरिकेच्या दारात जगभरातले विद्यार्थी उभे राहिले, त्या अमेरिकेचेच विद्यार्थी त्यापूर्वी शंभर वर्षे दुसऱ्याच्या दारात उभे होते. १८१५ ते १९१४ या काळात सुमारे नऊ-दहा हजार अमेरिकन तरुण एकट्या जर्मनीतल्या विद्यापीठांत शिकून गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ते का गेले, दार कोणाला उघडले व कोणाला नाही, आणि परत येऊन त्यांनी काय केले, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत. यांपैकी तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही शेवटी आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोचणार आहोत.

अमेरिकेत त्या वेळी महाविद्यालये नव्हती, असे कोणी समजू नये. हार्वर्डची स्थापना १६३६ सालची, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्मानंतर अवघ्या सहा वर्षांनी झालेली. पण दोनशे वर्षांनंतरही तेथील शिक्षणाची रीत शाळेचीच राहिली होती. नेमलेले पुस्तक घरी पाठ करावे, वर्गात उभे राहून गुरुजींना म्हणून दाखवावे, गुरुजींनी वहीत गुण मांडावेत, असा तो प्रकार होता. घोकंपट्टीचा हा रोग आमच्याच शिक्षणाला जडलेला आहे, असे मानून स्वतःला बोल लावणाऱ्यांनी एवढे समाधान मानायला हरकत नाही.

या रीतीला कंटाळलेल्या तरुणांत बॉस्टनचा जॉर्ज टिकनॉर हा एक होता. कायद्याची परीक्षा देऊन त्याने वर्षभर वकिलीही करून पाहिली, पण मन रमेना. अशात मादाम द स्ताल या फ्रेंच विदुषीचा जर्मनीवरील ग्रंथ त्याच्या हाती पडला. त्यातले जर्मन विद्यापीठांचे वर्णन वाचून तिकडे जायचे त्याने ठरवले, आणि मग जर्मन शिकण्याच्या खटपटीला लागला. आता अडचण पाहा. बॉस्टनसारख्या शहरात त्याला जर्मन भाषेचा चांगला शिक्षक मिळेना. मिळाला तो आल्सेस प्रांतातला. आणि माझे उच्चार धरून चालू नका, असे तो बिचारा स्वतःच सांगे. व्याकरण एका मित्राकडून उसने आणले. शब्दकोश तर गावात मिळेनाच. तो शेजारच्या न्यू हॅम्पशायर संस्थानातून मागवावा लागला. एका भाषेचा एक कोश मिळवण्यासाठी जिथे दुसऱ्या संस्थानात माणूस पाठवावा लागतो, तिथल्या ग्रंथालयांची स्थिती काय असेल, याची कल्पना यावरून येईल.

ते विलायतेला, म्हणजे ऑक्सफर्ड-केंब्रिजला का गेले नाहीत, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. भाषा तर तीच होती. पण ऑक्सफर्डला नाव घालतानाच, आणि केंब्रिजला पदवी घेताना, इंग्लंडच्या सरकारी चर्चच्या एकोणचाळीस कलमांना मान्यता द्यावी लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही अट कायम होती. बॉस्टनच्या लोकांचे पूर्वज त्याच चर्चशी भांडून समुद्र ओलांडून आलेले होते. जर्मनीतल्या गोटिंगेन विद्यापीठात अशी धर्ममताची शपथ परदेशी विद्यार्थ्याकडे कोणी मागत नसे. शिवाय गोटिंगेन हे हानोव्हरच्या राज्यातले. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हाच हानोव्हरचाही अधिपती असल्यामुळे १७३७ साली उघडलेल्या या विद्यापीठाचा इंग्रजी जगाशी संबंध पहिल्यापासून होता.

१८१५ च्या एप्रिलमध्ये टिकनॉर जहाजावर चढला. त्याच्याबरोबर एडवर्ड एव्हरेट नावाचा एकवीस वर्षांचा तरुण होता. त्याची गोष्ट आणखी मौजेची आहे. हार्वर्डने त्याला ग्रीक भाषेचा प्राध्यापक आधी नेमले, आणि मग ते ग्रीक नीट शिकून येण्यासाठी युरोपला धाडले! जहाज लिव्हरपूलला लागते तो बातमी आली की नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून पुन्हा पॅरिसमध्ये दाखल झाला आहे. युरोपभर पुन्हा लढाईची तयारी चाललेली, आणि हे दोघे पुस्तकांच्या शोधात निघालेले. वॉटर्लूची लढाई होऊन गेल्यावर, ऑगस्टच्या आरंभी ते गोटिंगेनला पोहोचले.

तेथे त्यांनी जे पाहिले त्याने त्यांचे डोळे उघडले. हार्वर्डचा ग्रंथसंग्रह त्या वेळी सुमारे वीस हजारांचा, आणि अमेरिकेत तो मोठा मानला जाई. गोटिंगेनच्या ग्रंथालयात सुमारे दोन लाख ग्रंथ होते, आणि तेही कुलुपात ठेवलेले नव्हते. प्राध्यापक व विद्यार्थी ते घरी नेऊन वाचत. आपल्याकडे विद्वान का निपजत नाहीत याची लाज आपल्याला वाटते, पण विद्वान होण्याची साधनेच आपण ठेवलेली नाहीत, अशा अर्थाचे पत्र टिकनॉरने मायदेशी धाडले. आपल्या लोकांना महाविद्यालय म्हणजे इमारत वाटते. ग्रंथ मागाहून पाहू, असा त्यांचा हिशेब असतो, ही त्याची तक्रार होती. ही तक्रार ऐकताना आपल्यालाही ओळखीच्या काही इमारती आठवल्या असतील.

ग्रंथांपेक्षाही नवलाची गोष्ट म्हणजे तिथली मोकळीक. जर्मन विद्यापीठात प्राध्यापकाला आपल्या संशोधनाप्रमाणे शिकवण्याचे स्वातंत्र्य असे, आणि विद्यार्थ्याला कोणाची व्याख्याने ऐकावी, किती ऐकावी, एका विद्यापीठातून दुसऱ्यात केव्हा जावे, याचे स्वातंत्र्य असे. पुढे रूढ झालेल्या सेमिनारमध्ये तर प्राध्यापकाभोवती आठ-दहा विद्यार्थी बसत, मूळ कागद पुढ्यात ठेवले जात, आणि गुरूचे म्हणणेही पुराव्यावर घासून पाहिले जाई. पाठ म्हणून दाखवण्याच्या रीतीत वाढलेल्या अमेरिकनाला गुरूला पुरावा विचारता येतो, ही कल्पनाच नवी होती.

एव्हरेटने १८१७ साली गोटिंगेनची डॉक्टर ही पदवी घेतली. ती घेणारा तो पहिला अमेरिकन. टिकनॉरने पदवी घेतली नाही. त्यांच्यामागून जोसेफ कॉग्जवेल आला, १८१८ साली जॉर्ज बँक्रॉफ्ट आला, पुढे कवी लाँगफेलो आला. आता हे परत गेल्यावर काय झाले ते पाहा. टिकनॉर १८१९ साली हार्वर्डमध्ये फ्रेंच व स्पॅनिश भाषांचा प्राध्यापक झाला. विषयांचे विभाग करावेत, विद्यार्थ्याला विषय निवडू द्यावा, ज्याला पुढे जाता येईल त्याला त्याच्या गतीने जाऊ द्यावे, अशी सुधारणा त्याने सुचवली. १८२५ साली त्यावर पुस्तिकाही लिहिली. सहकाऱ्यांनी ती आपापल्या विषयांत चालू दिली नाही. त्याच्या स्वतःच्या विभागात तेवढी ती टिकली. १८३५ साली त्याने प्राध्यापकी सोडली.

इथे एखादा निराश होऊन घरी बसला असता. टिकनॉरने विद्यापीठाचा नाद सोडला आणि गावाकडे लक्ष वळवले. बॉस्टन शहराने सार्वजनिक ग्रंथालय काढायचे ठरवले तेव्हा विश्वस्त मंडळाचा पहिला अध्यक्ष झाला तो त्याचा जुना सोबती एव्हरेट. आणि त्या मंडळात टिकनॉर बसला. दोघांचा इथे मतभेद झाला. एव्हरेटला विद्वानांनी बसून वाचावे असे भारदस्त ग्रंथालय हवे होते. टिकनॉरचे म्हणणे असे की साधी, लोकांना आवडणारी पुस्तके घ्या, एकेका पुस्तकाच्या पुष्कळ प्रती घ्या, आणि कारागिरापासून मोलकरणीपर्यंत कोणालाही ती फुकट घरी नेऊ द्या. १८५२ च्या अहवालात टिकनॉरचे मत टिकले. जोशुआ बेट्स या लंडनमध्ये राहणाऱ्या पेढीवाल्याने पन्नास हजार डॉलर दिले; लहानपणी बॉस्टनमध्ये गरिबीत वाढलेल्या या गृहस्थाची एक अट अशी की शंभरावर माणसांना बसून वाचता येईल अशी जागा हवी आणि ती सर्वांना पूर्णपणे खुली हवी. १८५४ साली ग्रंथालय उघडले. पुढे म्हातारपणी टिकनॉर त्याच्यासाठी ग्रंथ खरेदी करायला पुन्हा युरोपात हिंडून आला. एका कोशासाठी परगावी माणूस धाडणाऱ्या तरुणाने आपल्या गावातल्या पुढच्या तरुणावर ती पाळी येऊ दिली नाही. गोटिंगेनहून त्याने पदवी आणली नाही, पण याहून मोठी पदवी कोणती, हे आम्हाला सुचत नाही.

एव्हरेटचे पुढे काय झाले तेही, व्याख्यानमालेचे प्रसंग आहे म्हणून, सांगून टाकतो. तो अमेरिकेतला सर्वश्रेष्ठ वक्ता गणला गेला. १८६३ साली गेटिसबर्गच्या रणभूमीवर तो दोन तास बोलला. त्याच्यामागून अध्यक्ष लिंकन उठले आणि दोन-तीन मिनिटांत आटोपून खाली बसले. लोकांना आज आठवते ते लिंकनचे भाषण. लांबलेल्या व्याख्यानांना यापेक्षा चांगला इशारा मिळणार नाही, आणि आम्हीही तो ध्यानात ठेवला आहे.

विद्यापीठातली सुधारणा मात्र व्हायला आणखी दोन पिढ्या लागल्या. बर्लिन, लाइपझिग, हायडेलबर्ग येथून परतणाऱ्यांची संख्या वाढत गेली तसा वजनाचा काटा फिरला. १८६१ साली येल विद्यापीठाने अमेरिकेतली पहिली पीएच.डी. दिली. पॅरिस व बर्लिन येथे शिकलेला अँड्र्यू व्हाइट हा १८६८ साली उघडलेल्या कॉर्नेल विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला. १८७६ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघाले आणि संशोधन हेच विद्यापीठाचे मुख्य काम, हे तत्त्व अमेरिकेत रुजले. तिथले गिल्डरस्लीव्ह, रेम्सन असे नामवंत प्राध्यापक गोटिंगेनचे पदवीधर होते. आपले ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे कॉर्नेलचे. १९११ साली त्यांना तिथे पीएच.डी. मिळाली. मूळ साधने गोळा करून, तपासून, मग ज्ञान मांडायचे ही जी शिस्त ते तिथे शिकले, तिच्या वंशावळीत बर्लिन आणि गोटिंगेन येतात.

येथवरची कथा ऐकून कोणी म्हणेल की हे सारे सुस्थितीतल्या गोऱ्या मुलांचे. टिकनॉरला वडिलांचा पैसा होता आणि एव्हरेटला हार्वर्डचा पगार. हा आक्षेप खरा आहे. म्हणून आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ज्यांना घरीच दार बंद होते, त्यांना परदेशाचे दार कसे दिसले?

जेम्स मॅक्यून स्मिथ याचा जन्म १८१३ साली न्यू यॉर्कला झाला, तो गुलाम म्हणूनच. १८२७ साली त्या संस्थानातली गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा तो मुक्त झाला. कृष्णवर्णीय मुलांसाठी चालवलेल्या शाळेत तो हुशार निघाला. त्याला वैद्यक शिकायचे होते. त्याने न्यू यॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात अर्ज केला. जिनीव्हा या त्याच संस्थानातल्या दुसऱ्या महाविद्यालयातही केला. दोन्हीकडून नकार आला, आणि कारण त्याचा वर्ण हेच होते. तेव्हा काही हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८३२ साली त्याला स्कॉटलंडला ग्लासगो विद्यापीठात पाठवले. तिथे त्याने १८३५ साली बी.ए., १८३६ साली एम.ए. आणि १८३७ साली वैद्यकाची डॉक्टर पदवी घेतली. वैद्यकाची पदवी मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. मायदेशी परतताना एका जहाजाच्या कप्तानाने त्याला घेण्याचे नाकारले. ज्याला ग्लासगोच्या विद्वानांनी आपल्यात बसवले, त्याला आपल्या देशाकडे जाणाऱ्या जहाजावर बसायला मात्र जागा नव्हती.

न्यू यॉर्कला येऊन त्याने दवाखाना व औषधांचे दुकान काढले आणि अनाथ कृष्णवर्णीय मुलांच्या आश्रमात वैद्य म्हणून काम केले. त्याने केलेले एक काम आम्हाला विशेष वाटते. १८४० च्या खानेसुमारीत असे आकडे आले की गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांत वेडाचे प्रमाण फार आहे. गुलामगिरीचे समर्थक ते आकडे नाचवू लागले. स्मिथने ते तपासले आणि दाखवून दिले की ज्या गावांत एकही कृष्णवर्णीय राहत नाही, तिथेही वेडे कृष्णवर्णीय नोंदलेले आहेत! गुरूलाही पुरावा विचारावा, ही जी युरोपीय विद्यापीठांची शिकवण, ती या माणसाने सरकारला लावून दाखवली. त्या आश्रमाची इमारत १८६३ च्या दंग्यात जमावाने जाळली. त्यानंतर दोन वर्षांनी स्मिथ वारला. ग्लासगो विद्यापीठाने २०२१ साली उघडलेल्या आपल्या नव्या शिक्षणकेंद्राला त्याचे नाव दिले आहे.

स्मिथच्याच काळात पॅरिसला अमेरिकन विद्यार्थ्यांची, विशेषतः वैद्यकाच्या विद्यार्थ्यांची रीघ लागली होती. चार्ल्स सम्नर हा बॉस्टनचा तरुण वकील १८३८ च्या जानेवारीत तिथे व्याख्यान ऐकायला गेला. वर्गात दोन-तीन कृष्णवर्णीय विद्यार्थी इतरांत मिसळून बसले होते आणि कोणाला त्याचे काही वाटत नव्हते. आपल्या देशात दोन वर्णांत जे अंतर पडले आहे ते निसर्गाने पाडलेले नसून शिकवणुकीने पाडलेले असावे, असे त्याने रोजनिशीत नोंदवले. पुढे हाच सम्नर सिनेटमध्ये गुलामगिरीचा कट्टर वैरी झाला, आणि १८५६ साली त्यापायी त्याने सिनेटच्या दालनात एका प्रतिनिधीच्या काठीचा मारही खाल्ला.

पण तीच पॅरिसची हवा दुसऱ्याला तशीच लागते असे नाही. ऑलिव्हर वेंडेल होम्स हा लेखक व वैद्य १८३३ पासून दोन वर्षे पॅरिसला शिकला. १८५० साली तो हार्वर्डच्या वैद्यक शाळेचा प्रमुख असताना तीन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला गेला. गोऱ्या विद्यार्थ्यांनी ओरड केली, आणि हिवाळ्याचे सत्र संपताच त्या तिघांना पुन्हा न येण्यास सांगण्यात आले. होम्स विद्वान होता, प्रेमळही होता. पण त्या प्रसंगी तो ताठ उभा राहिला नाही. परदेशी शिकून आलेला माणूस आपोआप उदार होतो, या समजुतीला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

स्त्रियांची कथाही अशीच दुपदरी आहे. मार्था केरी टॉमस ही बाल्टिमोरची मुलगी १८७७ साली कॉर्नेलची पदवीधर झाली. पुढील शिक्षणासाठी तिने आपल्याच गावच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये नाव घातले. तिला सांगण्यात आले की प्राध्यापकांनी घरी मार्गदर्शन केले तर करावे, वर्गात मात्र बसता येणार नाही. म्हणजे ज्या सेमिनारसाठी ते विद्यापीठ प्रसिद्ध, त्याच सेमिनारच्या बाहेर तिने राहायचे. वर्षभराने तिने ते सोडले आणि १८७९ साली जर्मनीची वाट धरली. लाइपझिगला व्याख्याने ऐकता आली, पण स्त्रीला पदवी देण्याची तिथे रीत नव्हती. तीन वर्षांच्या अभ्यासानंतर तिने गोटिंगेनकडे अर्ज केला. तिथल्या प्राध्यापकांनी विचार करून नकार कळवला. धर्ममत न विचारता टिकनॉरला आत घेणारे हेच ते गोटिंगेन! शेवटी स्वित्झर्लंडमधल्या झुरिच विद्यापीठाने, जिथे १८६७ साली एका रशियन स्त्रीला वैद्यकाची पदवी मिळालेली होती, तिचा प्रबंध स्वीकारला. १८८२ च्या नोव्हेंबरमध्ये ती सर्वोच्च श्रेणीत उत्तीर्ण झाली.

१८८५ साली फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर हे स्त्रियांचे महाविद्यालय उघडले. टॉमस तिथे पहिली डीन झाली, आणि १८९४ साली अध्यक्ष. त्याच वेळी फिलाडेल्फिया शहरात आपल्या आनंदीबाई जोशी स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. आपल्याला आनंदीबाईंचे समुद्र ओलांडणे ठाऊक आहे; पण त्या ज्या देशात गेल्या, तिथली टॉमससारखी मुलगीही पदवीसाठी उलट दिशेने समुद्र ओलांडून नुकतीच परतली होती, हे ठाऊक नसते. १८९३ साली जॉन्स हॉपकिन्सची वैद्यक शाळा निघाली तेव्हा टॉमस व तिच्या मैत्रिणींनी निधी जमवून दिला आणि अट घातली की स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने घेतले पाहिजे. ज्या विद्यापीठाने तिला वर्गाबाहेर ठेवले, त्याचेच दार तिने इतर मुलींसाठी उघडले. एवढे सांगून थांबलो तर मात्र आम्ही इतिहासाशी अप्रामाणिक ठरू. याच बाईने आपल्या ब्रिन मॉरमध्ये कृष्णवर्णीय मुलींना येऊ दिले नाही. ज्या अन्यायाने आपण पोळलो, तो दुसऱ्यावर होताना ओळखता येतोच असे नाही.

आता तिसरा अर्जदार. विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस हा हार्वर्डचा कृष्णवर्णीय पदवीधर. १८९० साली त्याच्या वाचनात आले की स्लेटर फंडाचे प्रमुख, माजी राष्ट्राध्यक्ष हेज, असे बोलले की युरोपला पाठवण्याजोगा कृष्णवर्णीय विद्यार्थी मिळाला तर आम्ही पैसे देऊ, पण तसा कोणी दिसत नाही. डू बॉइसने लगेच अर्ज केला. उत्तर आले की ती योजना आता राहिली नाही. त्याने पुन्हा लिहिले, आणि या वेळी नरमाईने लिहिले नाही. योग्य माणूस नाही असे जाहीरपणे सांगून एका समाजाची तुम्ही बदनामी केली आहे, हे त्याने स्पष्ट बजावले. शेवटी १८९२ साली त्याला ७५० डॉलर मंजूर झाले. त्यातले निम्मे कर्ज होते. बर्लिनला त्याने श्मोलर, वागनर यांच्यापाशी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. पदवीच्या नियमाला आणखी काही काळ राहणे आवश्यक होते, पण फंडाने मुदत वाढवली नाही, आणि १८९४ साली तो बर्लिनची पदवी न घेताच परतला. पुढच्या वर्षी हार्वर्डने त्याला पीएच.डी. दिली. बर्लिनहून आणलेल्या चौकशीच्या शिस्तीने त्याने फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा घरोघर जाऊन अभ्यास केला. तो ग्रंथ १८९९ साली निघाला आणि अमेरिकन समाजशास्त्राचा एक पाया मानला जातो. बर्लिनच्या त्याच विद्यापीठाने १९५८ साली, म्हणजे चौसष्ट वर्षांनी, त्याला सन्माननीय डॉक्टर केले.

श्रोतेहो, आता आम्ही मुंबईकडे येतो. १८७९ साली कोलंबियातून पदवी घेऊन एडविन सेलिग्मन नावाचा तरुण युरोपला गेला आणि तीन वर्षे बर्लिन, हायडेलबर्ग, जिनीव्हा, पॅरिस अशी विद्यापीठे हिंडून अर्थशास्त्र शिकला. परत येऊन तो कोलंबियात प्राध्यापक झाला. १९१३ साली त्याच्या वर्गात बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन आलेला एक विद्यार्थी बसला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. ज्या कोलंबियाने ऐंशी वर्षांपूर्वी जेम्स मॅक्यून स्मिथला वर्णासाठी परतवले होते, त्याच कोलंबियाने सातारच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसवलेल्या मुलाला इतरांच्या रांगेत बसवले. मधल्या ऐंशी वर्षांत कोलंबिया बदलले, आणि त्या बदलातला काही वाटा सेलिग्मनसारख्या, बाहेर जाऊन आलेल्या माणसांचा होता.

पुढे बाबासाहेब स्वतःच अमेरिकेतून युरोपकडे जाणाऱ्या त्या जुन्या वाटेने गेले. १९१६ साली ते न्यू यॉर्कहून लंडनला पोहोचले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने परतावे लागले, तरी पैसे साठवून १९२० साली ते पुन्हा गेले. त्या वेळी सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र लिहिले. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाकडेही बाबासाहेबांनी अर्ज केला होता, आणि तो स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत लिहिला होता. १९२३ साली लंडनची डी.एस्सी. त्यांना मिळाली. त्यांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. १९४६ साली त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले, संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि डू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर आले. आणि त्याच १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. टिकनॉरने बॉस्टनला ग्रंथालय काढले आणि बाबासाहेबांनी महाविद्यालये काढली. दोघांचा काळ, देश, परिस्थिती सर्वस्वी भिन्न. पण आपल्याला जे समुद्रापलीकडे जाऊन मिळवावे लागले ते मागून येणाऱ्याला आपल्या गावात मिळावे, ही बुद्धी एकच.

१९१४ च्या महायुद्धाने अमेरिका-जर्मनीची ही वाट मोडली. युद्ध चालू असतानाच, १९१७ साली, ऑक्सफर्डने संशोधनासाठी डॉक्टर ही पदवी सुरू केली. जर्मनीकडे जाणारे अमेरिकन विद्यार्थी आपल्याकडे वळावेत, हा त्यामागचा एक हेतू होता. म्हणजे दारात येणारा विद्यार्थी त्या घरालाही बदलतो. पुढे हिटलरने जर्मनीतले विद्वान हाकलले आणि त्यांतले कित्येक अमेरिकेने घेतले. तेव्हापासून ओघ उलटा वाहू लागला. परंतु इतिहासात कुठलाही ओघ कायमचा नसतो. गोटिंगेन ज्या लोअर सॅक्सनी प्रांतात आहे, त्याने २०१४ साली सरकारी विद्यापीठांतले सर्वसाधारण शिक्षणशुल्क बंद केले. जर्मनीत असे करणारा तो शेवटचा प्रांत होता. घरच्या विद्यापीठांचे शुल्क भरता भरता कर्जात बुडणारी अमेरिकन मुले आता पुन्हा जर्मनीतल्या विद्यापीठांकडे अर्ज पाठवू लागली आहेत. टिकनॉर ग्रंथ नव्हते म्हणून गेला, ही पैसा पुरत नाही म्हणून जातात.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. परदेशी शिकायला जाण्यात मोठेपणा नाही आणि कमीपणाही नाही. शंभर वर्षे ज्या देशाची मुले बाहेर जात राहिली, तो देश त्यामुळे लहान झाला नाही. पण जाणाऱ्याची नोंद करताना आपण सहसा तिथेच थांबतो. अमुक गेला, अमुक पदवी मिळाली, पेढे वाटले. त्यापुढचा रकाना आपण कोराच ठेवतो. परत येऊन, किंवा परत न येताही, त्याने मागच्यांसाठी काय केले, हे त्या रकान्यात लिहायचे असते. टिकनॉरचा तो रकाना भरलेला आहे, होम्सचा तसा नाही, आणि टॉमसचा अर्धा आहे. आपल्या गावातून बाहेर गेलेल्यांची यादी आपल्या प्रत्येकाच्या मनात असेलच. आज घरी गेल्यावर ती एकदा काढून पाहावी. आणि आपल्या गावच्या वाचनालयात, शाळेत, संस्थेत आज कोण अर्ज घेऊन दारात उभे आहे आणि त्याला आपण काय उत्तर देतो आहोत, तेही पाहावे, अशी आपणा सर्वांना विनंती करून आम्ही हे व्याख्यान पुरे करतो.